ज्याच्या हाती चषक, तोच सर्वोत्तम कोच?

ऑफसाइड अप्पा (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज सॉकरमध्ये 'कोच ऑफ द इयर' पुरस्कारांची अजिबात टंचाई नाही. प्रत्येक कॉन्फरन्सचा (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा) एक, विभागवार एकेक, आणि सगळ्यांच्या वर राष्ट्रीय. राष्ट्रीय पातळीवर पुरस्कार देणारी युनायटेड सॉकर कोचेस ही प्रशिक्षकांचीच संघटना आहे, १९४१ सालची. २०१७पर्यंत ती एनएससीएए नावाने ओळखली जायची. कॉन्फरन्सचे पुरस्कार तर तिथले कोचच आपसांत मतं देऊन ठरवतात. परीक्षार्थी तेच आणि परीक्षकही तेच. याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. समोरच्याने गेल्या वर्षीच्या कच्च्या पोरांचं यंदा काय केलं, हे त्याच्याविरुद्ध दर मोसमात खेळणाऱ्या कोचइतकं कोणाला कळणार?

माझं भांडण मोजपट्टीशी आहे. डिसेंबरात शेवटचा सामना जिंकला तो मोठा, बाकीचे 'छान प्रयत्न' या रकान्यात. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

टॉड यीगली घ्या. २०१०पासून इंडियाना विद्यापीठाचा कोच. २०१२ला विजेतेपद मिळवलं. त्यानंतर तीनदा अंतिम सामन्यात हरला. २०१७ला स्टॅनफर्डकडून १-०, गोल १०३व्या मिनिटाला. २०२०च्या मोसमात (कोविडमुळे तो अंतिम सामना २०२१च्या मे महिन्यात झाला) मार्शलकडून १-०, पुन्हा जादा वेळेतच. २०२२ला सिराक्यूजशी २-२, आणि पेनल्टींवर ७-६. नव्वद मिनिटं संपली तेव्हा या तिन्ही सामन्यांत इंडियाना बरोबरीत होतं! म्हणजे तीन मोसमांचा निकाल लागायला दोन गोल आणि पेनल्टीचा एक फटका पुरला. त्या फटक्यात कोचचं कर्तृत्व किती आणि गोलीने डावीकडे झेप घेतली की उजवीकडे याचा भाग किती?

दुसरी गोष्ट पैशांची. डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची श्रेणी) पुरुषांचे दोनशेहून जास्त संघ आहेत. परवापरवापर्यंत एका संघाला जास्तीत जास्त ९.९ स्कॉलरशिपा देता यायच्या (महिलांच्या संघाला १४). पंचवीस-तीस पोरांत ९.९ वाटायच्या म्हणजे कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला नुसतीच जर्सी. आणि ही झाली वरची मर्यादा. तेवढेही पैसे नसलेली कॉलेजं आहेतच. आयव्ही लीगमध्ये तर खेळासाठी स्कॉलरशिप हा प्रकारच नाही. जून २०२५मध्ये 'हाऊस' खटल्यातल्या (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलचा) तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली आणि त्यात सामील होणाऱ्या कॉलेजांपुरती ९.९ची मर्यादा उठली. आता रोस्टर (संघाची यादी) २८ जणांचा, आणि तिजोरीत पैसे असतील तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना स्कॉलरशिप. दरी होती त्याहून रुंद होणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मतपत्रिकेसोबत एक तक्ता द्या: संघाकडे स्कॉलरशिपा किती होत्या, पूर्णवेळ सहायक किती, गेल्या वर्षीच्या अकरांपैकी किती उरले होते. मग मतं मागा. विजेत्याला चषक मिळालेला आहेच, त्याला तेच दुसऱ्यांदा कशाला द्यायचं?

कॅरीकर

असहमत. अगदी ठार असहमत.

मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो. १६ डिसेंबर २०२४चा अंतिम सामना इथेच वेकमेड सॉकर पार्कवर झाला, व्हरमाँट विरुद्ध मार्शल. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना) स्पर्धेत ४८ संघ, पैकी १६ मानांकित, त्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल. व्हरमाँट बिनमानांकित, म्हणजे त्यांना एक सामना जास्त. अमेरिका ईस्ट कॉन्फरन्समधल्या संघाने हे विजेतेपद त्याआधी कधीच मिळवलं नव्हतं. उपांत्य सामन्यात त्यांनी डेन्व्हरला पेनल्टींवर काढलं.

अंतिम सामन्यात मार्शलने आधी गोल केला. व्हरमाँटने उत्तरार्धात उशिरा बरोबरी साधली. ९५व्या मिनिटाला मागून एक लांब चेंडू आला, व्हरमाँटचा मॅक्सिमिलियन किसेल बचावपटूच्या अंगाला अंग घासत निसटला. गोली जागा सोडून पुढे आला होता, त्यालाही बगल दिली, पुढे रिकामी जाळी. २-१.

आता सांगा, तुमचा तक्ता घेऊन बसलो असतो तर त्यात व्हरमाँटच्या कोचचं, रॉब डाऊचं नाव वर आलंच असतं. आणि नुसता निकाल बघितला तरी तोच वर येतो. मग तक्त्याची भानगड कशाला? ज्याने कमी पैशांत जिंकलं त्याला विजेतेपदच न्याय देतं. ज्याने कमी पैशांत जिंकलंच नाही त्याला 'पण बिचाऱ्याकडे पैसे नव्हते' म्हणून पुरस्कार द्यायचा असेल तर त्याचं नाव बदला, उत्तेजनार्थ ठेवा.

ऑफसाइड अप्पा

कॅरीकर, सामन्याला होतात, भाग्यवान आहात. पण तुमच्याच वर्णनात माझा मुद्दा आहे. गोलीला बगल देताना किसेलचा चेंडू वीतभर लांब गेला असता आणि गोलीने तो उचलला असता, तर डाऊ त्या क्षणी कमी प्रतीचा कोच झाला असता का? बिनमानांकित संघ अंतिम सामन्यापर्यंत आणला हे काम तोपर्यंत झालेलं होतं.

आणि एक विसरू नका, कॉन्फरन्सचे पुरस्कार नोव्हेंबरातच वाटून होतात, एनसीएएचा पहिला चेंडू लाथाडण्याआधी. तिथे शेवटचा सामना बघायची सोय नसते, तरी कोच मतं देतातच की. मग डिसेंबरातच सगळ्यांना चषकाशिवाय काही दिसेनासं का होतं?

बारा यार्डांवरून

पेनल्टी म्हणजे नशीब, हे रडगाणं कधी बंद होणार?

२०१६चं स्टॅनफर्ड बघा. उपांत्य सामना नॉर्थ कॅरोलिनाशी ०-०, पेनल्टींवर १०-९. अंतिम सामना वेक फॉरेस्टशी पुन्हा ०-०, पेनल्टींवर ५-४. शेवटच्या दोन सामन्यांत एकही गोल न करता राष्ट्रीय विजेते! अप्पांच्या हिशोबाने हा शुद्ध मटका. पण याच संघाने २०१५च्या अंतिम सामन्यात क्लेमसनला ४-० धुतलं होतं आणि २०१७ला पुन्हा विजेतेपद घेतलं. लागोपाठ तीन वर्षं मटका लागत नाही. दोन सामने, दोन्हींत जादा वेळ, आणि गोल खाल्ला नाही, ही बचावाची शिस्त सरावातच घोटावी लागते. ती घोटून घेणाऱ्या माणसाचं नाव जेरेमी गन.

आणि गनचं आधीचं खातं उघडा. कोलोरॅडोतलं ड्युरँगो, तिथलं फोर्ट लुईस कॉलेज, २००५ला डिव्हिजन टूचं विजेतेपद. मग शार्लट, २०११ला डिव्हिजन वनचा अंतिम सामना. मग स्टॅनफर्ड. तीन ठिकाणी तीन वेगळे खिसे, निकाल सगळीकडे. एका सामन्यात नशीब असेल, मान्य. दहा-बारा वर्षांत ते आपोआप गाळून जातं. निकालच बघा, फक्त जास्त वर्षांचे बघा.

पॉपकॉर्नवाला

म्हणजे 'कोच ऑफ द इयर' ठरवायला बारा 'इयर' थांबायचं. छान. चालू द्या, मी बसलोय.

तळटीप

गन आणि २०११चा विषय निघालाच आहे तर त्या वर्षीचे शेवटचे चार संघ नीट बघू या, कारण मला वाटतं या धाग्यातला खरा गुंता तिथे आहे आणि दोन्ही बाजूंना तो गैरसोयीचा आहे.

नॉर्थ कॅरोलिनाने अंतिम सामन्यात शार्लटला १-० हरवलं. नॉर्थ कॅरोलिनाचा कोच कार्लोस सोमोआनो. मुख्य कोच म्हणून त्याचं ते पहिलंच वर्ष! त्याआधी बरीच वर्षं तो तिथेच एल्मार बोलोविचच्या हाताखाली सहायक होता. बोलोविचने दोन दशकांहून जास्त काळ तो संघ सांभाळला, २००१ला विजेतेपद आणलं, आणि २०११च्या मोसमाआधी तो क्रेटनला गेला. म्हणजे सोमोआनोने मैदानात उतरवलेली बहुतेक पोरं बोलोविचच्या कारकिर्दीत निवडलेली.

थांबा, पुढे आहे. बोलोविचचं क्रेटन त्याच वर्षी शेवटच्या चारांत पोचलं. पण तिथली पोरं कोणी गोळा केली होती? आधीच्या कोचांनी. लगेच आधीचा जेमी क्लार्क, जो एकच मोसम थांबून वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. एकाने लावलेल्या कलमांचे आंबे दुसऱ्याने उतरवले, आणि ज्याने लावली तो तिसऱ्याच्या बागेत आंबे उतरवत होता.

आता २०११चा कोच ऑफ द इयर कोण? नुसता निकाल बघाल तर सोमोआनो. अप्पांचा तक्ता मांडाल तर बहुधा शार्लटचा गन. पोरं निवडणाऱ्याला मान द्यायचा तर बोलोविच, पण तो समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये बसलाय. माझं उत्तर: एका माणसाला देणंच चूक. बिग ईस्ट कॉन्फरन्स 'कोचिंग स्टाफ ऑफ द इयर' असा पुरस्कार देते, सगळ्या चमूला मिळून. सोमोआनो सहायक असतानाची सगळी वर्षं त्या एका शब्दात मोजली जातात. कॉलेज सॉकरमध्ये गावोगाव, देशोदेशी हिंडून पोरं हेरतो तो सहायक. फोन करतो तो सहायक. गोलींचा सराव घेतो तोही सहायकच. फोटोत मात्र मुख्य कोच.

कॅरीकर

स्टाफला द्या म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही. हरलं की हकालपट्टी मुख्य कोचची होते, अख्ख्या स्टाफचं नाव कोणी घेत नाही. शिव्या एकट्याच्या तर हारही एकट्याचाच.

शनिवारची सारथी

न्यू जर्सी. मुलगा अकरावीत, क्लबकडून खेळतो, शनिवार-रविवार माझे हायवेवर जातात. तुम्ही सगळे हा पुरस्कार कोचला मिळतो असं समजून बोलताय. आमच्यासारख्यांना तो माहितीपत्रकावर भेटतो.

गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजच्या आयडी कॅम्पला गेलो होतो (नाव घेत नाही). हे कॅम्प म्हणजे कोचसमोर पोरांनी खेळून दाखवायचं, फी आपण भरायची. पत्रकावर सगळ्यात ठळक ओळ होती ती कोचच्या कॉन्फरन्स पुरस्काराची. त्याखाली बारीक अक्षरांत फी, त्याहून बारीक अक्षरांत 'कॅम्पला येणं म्हणजे निवडीची हमी नव्हे'. दुपारी पालकांसाठी प्रश्नोत्तरं झाली. मी विचारलं, तीन वर्षांपूर्वी फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) म्हणून घेतलेल्यांपैकी आज किती जण इथे आहेत? कोच हसले, म्हणाले, पोर्टलच्या (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) जमान्यात हे सगळीकडेच असं आहे. आकडा काही मिळाला नाही.

२०२१पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, तेव्हापासून तयार खेळाडू बाहेरून आणणं सोपं झालंय. बाहेरचे तयार, परदेशातले तयार, एकवीस-बावीस वर्षांचे. अठरा वर्षांचा बाकावर. त्यांच्याशी माझं वैर नाही, चांगलं खेळतात, आमच्या पोरांना शिकायला मिळतं. पण जो कोच दर वर्षी निम्मा संघ बाजारातून उचलतो आणि जो चार वर्षं एकाच पोराला घडवतो, त्या दोघांना एकाच पुरस्कारासाठी उभं करू नका. मला अप्पांच्या तक्त्यात एकच रकाना हवाय: चौथ्या वर्षी किती उरले.

बारा यार्डांवरून

ताई, तुमची तगमग कळते, पण तो कोचिंगचा पुरस्कार राहत नाही. अभ्यास आणि टिकाव यांची मोजदाद वेगळी होते. एनसीएएचा एपीआर (संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीचा निर्देशांक) त्यासाठीच आहे, आणि युनायटेड सॉकर कोचेस संघाच्या मार्कांसाठी वेगळा पुरस्कारही देते. पोर्टलमधून अकरा अनोळखी पोरं आणून ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, आठवड्याला दोन-दोन सामने खेळत, त्यांचा संघ करणं हे उलट जास्त अवघड कोचिंग आहे. मार्शलच्या ख्रिस ग्रासीला लोक 'परदेशी पोरं आणतो' म्हणून नावं ठेवतात. आणली. पण २०२०च्या मोसमात बिनमानांकित मार्शलने क्लेमसनला काढलं, अंतिम सामन्यात इंडियानाला हरवलं, चार वर्षांनी पुन्हा अंतिम सामना. नुसतं आणून होत असतं तर सगळ्यांनीच केलं असतं.

शनिवारची सारथी

सगळेच करताहेत, हेच तर सांगतेय.

पणजीकर

इथे गोव्याचा काय संबंध म्हणाल, पण पुरस्कार कधी द्यावा यावर आमचं एक उदाहरण आहे. आर्मांदो कुलासो. गोव्याच्या धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदं मिळवून दिली, शेवटचं २०११-१२चं. द्रोणाचार्य मिळाला तो २०२४ सालचा, जीवनगौरव विभागात, प्रत्यक्ष हातात पडला जानेवारी २०२५मध्ये. मधे एवढी वर्षं गेली त्याचा आम्हाला राग आहेच. फुटबॉलमधला नईमुद्दीनचा द्रोणाचार्य १९९०चा, त्यावरून आमचा खेळ दिल्लीला किती दिसतो ते समजा.

पण राग बाजूला ठेवला तर असं वाटतं की कोचची किंमत उशिराच कळते. कुलासोंच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे काय झाली हे २००५ला कोणाला दिसणार होतं? दरवर्षीचा पुरस्कार बंद करा, पाच वर्षांनी एकदा द्या.

जुना बाकडा

पणजीकरांना दुजोरा, पण अमेरिकेतूनच.

वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठ, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांपैकी. कोच लिंकन फिलिप्स, मूळचा त्रिनिदादचा गोलकीपर. कॅरिबियन आणि आफ्रिकेतून आलेली पोरं. १९७१ला अंतिम सामन्यात सेंट लुईसला हरवलं. सेंट लुईस म्हणजे त्या काळचे दादा, दहा विजेतेपदांचा त्यांचा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. एनसीएएने खेळाडूंच्या पात्रतेचे आक्षेप काढून हॉवर्डचं विजेतेपद काढून घेतलं. तीन वर्षांनी, १९७४ला, फिलिप्सने संपूर्ण मोसम अपराजित राहून पुन्हा सेंट लुईसलाच जादा वेळेत २-१ हरवलं. अशा विद्यापीठाने कुठल्याही खेळात डिव्हिजन वनचं विजेतेपद मिळवायची ती पहिली वेळ.

१९७१च्या डिसेंबरात, विजेतेपद काढून घेतलं तेव्हा आणि आज, फिलिप्सचं एकाच सामन्यासाठीचं मोल तीन वेळा वेगळं ठरतं. 'निकाल बघा' म्हणणाऱ्यांनी सांगावं, कुठला निकाल? मैदानावरचा की कागदावरचा?

दुसरं, टॉड यीगलीचं नाव निघालं म्हणून. त्याचे वडील जेरी यीगली इंडियानात १९६३ला आले तेव्हा तिथे सॉकर हा नुसता क्लब होता. विद्यापीठाचा अधिकृत संघ व्हायला १९७३ उजाडलं. दहा वर्षं! पुढे सहा विजेतेपदं, शेवटचं २००३ला, निवृत्तीच्या मोसमात, सेंट जॉन्सला २-१ हरवून. पुरस्कार त्या सहा वर्षांचे मोजायचे की त्याआधीच्या दहांचे? माझ्या मते मोठं काम त्या दहांत झालं, आणि त्यासाठी 'ऑफ द इयर' कोण देणार होतं?

तळटीप

बाकडेबुवा, सुंदर प्रतिसाद. पण पाच वर्षांनी पुरस्कार, हे होणार नाही, आणि त्याचं कारण खेळाबाहेरचं आहे. सरकारी विद्यापीठांच्या कोचांच्या करारात पुष्कळदा बोनसची कलमं असतात, त्यात कॉन्फरन्सचा किंवा राष्ट्रीय कोच ऑफ द इयर हेही एक कलम असतं. शिवाय पुढची नोकरी. व्हरमाँटच्या विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच रॉब डाऊ पेन स्टेटला गेला. बिग टेन कॉन्फरन्समधलं विद्यापीठ, मोठं घर. कोणी त्याला दोष देऊ नये. पण दरवर्षी हंगाम संपला की भरतीचा बाजार उघडतो आणि तिथे हा पुरस्कार नाण्यासारखा चालतो. पाच वर्षांनी मिळणारं नाणं कोण घेणार?

बारा यार्डांवरून

बोनस अडकलेला असेल तर मग मोजपट्टी साधीच हवी. तक्ता, टिकाव, स्टाफ असलं काही आत घातलं की वकिलांची दिवाळी.

ऑफसाइड अप्पा

उलट. पैसे अडकलेत म्हणूनच आकडे समोर हवेत. आज मत देणारा कोच मनातल्या मनात तक्ता मांडतोच, 'त्याच्याकडे काही नव्हतं तरी तिसरा आला' असं म्हणतोच. मी फक्त तो कागदावर मागतोय. सारथीताईंचा रकाना घेतला. तळटीप यांच्या स्टाफच्या सूचनेला माझी हरकत नाही. पाच वर्षांचं मात्र मी घेणार नाही, बाकडेबुवांनी रागावू नये. त्यासाठी हॉल ऑफ फेम आहे.

कॅरीकर

बरं, मांडा तक्ता. पण तुमच्याच उदाहरणावर मांडा. २०२२, यीगली विरुद्ध सिराक्यूजचा कोच इयान मॅकइंटायर. सिराक्यूजचं सॉकरमधलं ते पहिलंवहिलं विजेतेपद, समोर आठ विजेतेपदांचं इंडियाना, बापाने उभं केलेलं. पैसे, परंपरा, नाव, काहीही मोजा. तुमच्याच मोजपट्टीने तुमचा यीगली दुसरा येतो की नाही?

ऑफसाइड अप्पा

परंपरेचा रकाना माझ्या तक्त्यात नाही, तो तुम्ही घुसडलात. स्कॉलरशिपा, सहायक, गेल्या वर्षीचे उरलेले खेळाडू, एवढंच. २०२२च्या दोन्ही संघांचे रोस्टर काढायला बसलोय. त्या वर्षीचे सहायकांचे तपशील कोणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.